लोहाची गोळी की लोहाची सलाईन: माझा कौल कुठे आणि का पडला

हिमोग्लोबिन 8.4 आणि फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, 6 असा रिपोर्ट हातात आला, की लोह कमी आहे का हा प्रश्न संपतो. ते पोटातून घ्यायचं की शिरेतून, एवढंच ठरवायचं राहतं. गेल्या वर्षी मी हे स्वतःसाठी ठरवलं, त्याआधी दोन वर्षं बायकोसाठी. दोघांची उत्तरं वेगवेगळी निघाली.

मी कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात एका गुळाच्या अडतीवर हिशेब बघतो. माझा पांढरा पडलेला चेहरा बघून आमचे हमाल म्हणायचे, "अवो, गुळात बसतासा आणि अंगात रक्त न्हाई?" गुळानं रक्त वाढतं ही आपल्याकडची पक्की समजूत आहे. गुळात लोह असतं, पण थोडं, आणि त्यातलंही आतड्यातून थोडंच आत जातं. खाण्यातलं लोह पुढं लोह टिकवायला उपयोगी पडतं. 8.4 चे 13 करायला औषधच लागतं.

आधी गोळीची बाजू सांगतो, कारण बायकोला तिनंच बरं केलं. तिला पाळीत रक्तस्राव फार व्हायचा. सोनोग्राफीत अंडाशय ठीक होते, गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली. हिमोग्लोबिन 9.8 होतं. रोज एक गोळी सुरू केली तेव्हा मळमळीनं ती बेजार झाली. मग डॉक्टरांनी एक दिवसाआड करायला सांगितलं. मला वाटलं, गोळ्या निम्म्या म्हणजे गुणही निम्मा. तसं होत नाही. लोहाची गोळी पोटात गेली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि आतड्याचं दार साधारण दिवसभर लोहासाठी अर्धवट लोटून घेतं. दुसऱ्या दिवशीची गोळी त्या लोटलेल्या दारावर जाऊन थडकते. 2017 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या स्त्रियांवर हे तपासलं, तेव्हा दिवसाआड घेतलेल्या गोळ्यांमधलं लोह जास्त शोषलं गेलं होतं.

चहाचं पथ्य मात्र तिनं कडक पाळलं. सकाळी सहाला चहा, अकराला लिंबूपाण्याबरोबर गोळी, मग जेवणापर्यंत काही नाही. चहातली टॅनिनं आणि दुधातलं कॅल्शियम, दोन्ही लोह अडवतात. आमच्याकडे गंगावेशीतलं धारोष्ण दूध म्हणजे तब्येतीची खूण, पण गोळीच्या वेळेला ते लांबच बरं. तीन महिन्यांत ती 12.3 वर आली. साठा भरावा म्हणून त्यानंतरही तीन महिने गोळ्या चालू ठेवल्या. हे पुढचे तीन महिने पुष्कळ लोक गाळतात आणि वर्षभरात पुन्हा तिथंच येतात.

तेव्हा ज्याचं पोट साथ देतं, ज्याला घाई नाही आणि ज्याची गळती मोठी नाही, त्याला गोळी पुरते असं माझं मत आहे. पैशातही तीच हलकी.

माझं दुखणं वेगळं होतं. गुडघ्यासाठी मी काही महिने औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खात होतो. डॉक्टर पहिल्याच भेटीत म्हणाले, "पुरुषाचं लोह कमी झालं म्हणजे आधी गळती शोधायची, नुसतं भरत बसायचं नाही." तोंडावाटे आणि शौचमार्गे, दोन्हीकडून दुर्बीण झाली. जठरात अल्सर निघाला. वेदनाशामक बंद, आम्ल कमी करणारी पँटोप्रॅझोल सुरू, लोहाची गोळी सुरू. आणि एक ताकीद मिळाली: संडासला काळं, डांबरासारखं चिकट झालं तर अल्सर पुन्हा वाहतोय असं समजा आणि लगेच या.

लोहाच्या गोळीनं संडासला काळंच होतं, आणि माझं सगळं इथं अडलं. पुस्तकात फरक दिलेला असतो: रक्ताचं काळं चकचकीत, चिकट आणि उग्र वासाचं, गोळीचं हिरवट काळं आणि घट्ट. पहाटे साडेपाचला, पिवळ्या बल्बच्या उजेडात, पोटात धाकधूक असताना तो फरक करून बघा. पहिल्या पंधरवड्यात मी दोनदा घाबरून दवाखाना गाठला. दोन्ही वेळा नाडी ठीक, रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिन होतं तिथंच. गोळीचाच रंग. तिसऱ्या वेळी मी गेलो नाही. गोळीचंच असेल म्हणून यार्डात गेलो आणि संध्याकाळपर्यंत तोलाच्या पावत्या लिहीत बसलो. त्या दिवशीही काही निघालं नाही, पण रात्री झोप लागली नाही. आजारानं मला धोक्याची एकच घंटा दिली होती आणि ती ऐकूनही न उठायची सवय मला तीन आठवड्यांत लागली होती. शिरेतून दिलेल्या लोहानं शौचाचा रंग बदलत नाही. माझ्या निर्णयाला एवढं कारण पुरेसं होतं.

त्यात आणखी एक भर पडली. गोळीतलं लोह शोषलं जायला जठरातलं आम्ल मदत करतं, आणि माझं आम्ल तर औषधानं मुद्दाम खाली ठेवलं होतं. महिनाभरात 8.4 चं जेमतेम 8.7 झालं.

सलाईनचं गणित डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखवलं. वजन 62 किलो, हवं असलेलं हिमोग्लोबिन 15, असलेलं 8.4. फरकाला वजनानं गुणायचं, मग 2.4 नं, आणि साठ्यासाठी 500 मिळवायचे. उत्तर सुमारे 1480 मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज घेतलं तर एका वेळी 200, म्हणजे आठ फेऱ्या. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका वेळी 1000 पर्यंत देता येतं, तेही पंधरा-वीस मिनिटांत, म्हणजे आठवड्याच्या अंतरानं दोन फेऱ्या. ते महाग पडतं, पण आठ वेळा रजा, रिक्षा आणि सुई धरली तर तफावत बरीच कमी होते. मी दोन फेऱ्यांचं घेतलं.

त्यातही खोट आहे. एका दवाखान्यात पहिल्या बाटलीच्या वेळी सुई थोडी सरकली आणि कोपराजवळ तपकिरी डाग पडला, तो अजून आहे. जळजळ वाटली की लगेच सांगावं, मी संकोचानं गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं, कणकण आली, पॅरासिटामॉलनं गेली. या औषधानं काहींच्या रक्तातलं फॉस्फरस उतरतं, तेव्हा नंतर थकवा किंवा हाडदुखी राहिली तर तेही तपासून घ्यावं. क्वचित मोठी रिअॅक्शन येऊ शकते. म्हणून घरी कुणाला बोलावून हे लावून घेऊ नये, आणि संपल्यावर अर्धा तास तिथंच थांबावं.

पाहुण्यांपैकी निम्मे म्हणत होते, "रक्ताची एक बाटली चढवून टाका." एका पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह मिळतं आणि हिमोग्लोबिन साधारण एकानं वाढतं. रुग्ण धाप लागून बसला असेल तर ती हवीच. माझ्यासारख्या चालत्या-फिरत्या माणसाला तिची गरज नव्हती.

गोळी असो की सलाईन, फेरिटिन बघितल्याशिवाय काहीच सुरू करू नका. गांधीनगरातल्या माझ्या एका सिंधी मित्रानं चार वर्षं लोहाच्या गोळ्या खाल्ल्या. त्याला होता थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून आलेला हिमोग्लोबिनचा सौम्य दोष. तांबड्या पेशी लहान, हिमोग्लोबिन कमी, पण लोह भरपूर. एचबीए-टू या हिमोग्लोबिनच्या प्रकाराची तपासणी झाली तेव्हा उलगडा झाला. उलट फॅटी लिव्हर किंवा शरीरात कुठं दाह (इन्फ्लमेशन) असला तर लोह कमी असूनही फेरिटिन चांगलं दिसतं, तेव्हा नुसत्या आकड्यावर जाऊ नये.

दुसऱ्या बाटलीनंतर आठ आठवड्यांनी माझं हिमोग्लोबिन 13.6 आलं. जिना चढताना थांबावं लागेना, आणि रोज सकाळी रंग साधा दिसे, हे समाधान वेगळंच. पुढे दिवाळीत पाहुण्यांच्या धावपळीत गुडघा धरला आणि मी दोन दिवस जुन्या पाकिटातल्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या. पाडव्याच्या सकाळी काळं झालं. या वेळी बल्बखाली उभं राहून विचार करावा लागला नाही, ओवाळणी ठेवून थेट दवाखान्यात गेलो. दुर्बिणीत जुन्या जागेशेजारी छोटा व्रण दिसला, नुकताच पाझरायला लागलेला. त्या दिवशी हिमोग्लोबिन 12.9 होतं. पहिल्या खेपेला हेच कळायला 8.4 पर्यंत उतरावं लागलं होतं.