लेझर मीटर, स्केचअप आणि ओडिऑन: हॉलची मापं घेण्याचा काही महिन्यांचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर ४० मीटर पल्ल्याचं लेझर मीटर घेतलं, आता नाशिकला कडाक्याची थंडी पडली आहे. मधल्या काळात गंगापूर रोडवरचं मंगल कार्यालय, पंचवटीतलं एक जुनं सभागृह, सातपूरच्या कारखान्यातला ट्रेनिंग हॉल असं बरंच काही त्याच्यावर मोजून झालं. हॉलची मापं घ्यायची, स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल बांधायचं, ते ओडिऑन या ध्वनीच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन आवाज किती घुमतो ते बघायचं आणि मग मालकाला आवाज शोषणारे पॅनल कुठे लावायचे ते सांगायचं, हे माझं काम. त्यामुळे हा अनुभव नुसत्या मीटरचा नाही. जागेवर वाचवलेला तास कॉम्प्युटरसमोर दुप्पट जाणार असेल तर मीटर घेऊन काय करायचंय?

मीटर घ्यावं का? घ्यावंच. एकट्या माणसाला २४ मीटर लांबीचा हॉल टेपने मोजायचा तर टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतं, आणि लग्नसराईत कार्यालयाचा एकही माणूस मोकळा नसतो. छताची उंची तर शिडीशिवाय मिळत नाही. लेझरने ती जमिनीवर मीटर उभं ठेवून दोन सेकंदांत मिळते.

पण खोक्यावर छापलेल्या ‘अधिक-उणे दीड मिलिमीटर’ या अचूकतेच्या मागे आमच्या धंद्यात लागू नये. सॅबिनचं सूत्र घ्या: घुमण्याचा काळ (आवाज विरायला लागणारा वेळ) म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले भिंती-पडदे वगैरेंचं एकूण शोषण. २४ बाय १५ चा, साडेपाच मीटर उंचीचा हॉल म्हणजे १९८० घनमीटर. लांबी मोजताना दहा सेंटिमीटरचा फरक पडला तरी घनफळ अर्ध्या टक्क्यानेही बदलत नाही. घुमण्यातला फरक कानाला कळायला साधारण पाच टक्के तरी लागतात. त्यापेक्षा पडद्याचं कापड किती आवाज खाईल याचा अंदाज चुकला तर उत्तर कितीतरी जास्त हलतं. म्हणून खिडकीच्या चौकटी, ट्यूबलाइटच्या पट्ट्या, पीओपीची नक्षी मी मोजत नाही. १००० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबीच ३४ सेंटिमीटर आहे, चार बोटांची पट्टी तिच्या खिजगणतीत नाही. बारीक नक्षीसाठी सॉफ्टवेअरमध्ये स्कॅटरिंगचा, म्हणजे आवाज विखुरण्याचा आकडा वाढवायचा, भौमितिक कशिदाकारी करत बसायचं नाही.

मोजायचं ते मोठं: आतली लांबी, रुंदी, उंची, स्टेजची कड, बाल्कनीची पुढची बाजू, खोल उतरलेले बीम. आणि कितीही घाई असली तरी दोन्ही कर्ण. वरच्या मापाच्या काटकोनी हॉलचा कर्ण २८.३० मीटर यायला हवा. पंचवटीतल्या त्या सभागृहात एक कर्ण दुसऱ्यापेक्षा चांगला हातभर मोठा निघाला. गावठाणातल्या गल्लीत प्लॉट जसा मिळाला तसं बांधकाम, कोपरे काटकोनात कुठून येणार? नुसती लांबी-रुंदी घेऊन कोणी चौकोन काढला असता तर मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज मॉडेलमध्ये एका रांगेत पडला असता आणि प्रत्यक्षात भलत्याच.

तिथला सुतार जुना माणूस. माझ्या मीटरकडे बघत म्हणाला, “साहेब, स्टेजचं तोंड एकतीस फूट चार इंच दोन सूत आहे, मीच केलंय.” मीटरवर ९.५५७ आलं. हिशोब केला, दोन सूत म्हणजे पाव इंच, तंतोतंत जुळलं. “काका, मग तुम्हीच का नाही सांगत बाकीची मापं?” म्हटलं, तर निम्मा हॉल त्यांनी तोंडपाठ सांगितला. मीटर फक्त पडताळायला वापरलं.

आता खरी वेळखाऊ जागा, म्हणजे मॉडेल. इथे गणित उलटं होतं. हॉलमध्ये दोन इंच इकडे-तिकडे चालतात, मॉडेलच्या सांध्यात दोन मिलिमीटरसुद्धा चालत नाहीत. भिंत आणि छत यांच्यात फट राहिली की ओडिऑन आवाज ज्या किरणांच्या रूपात सोडतं ते तिथून बाहेर पळतात आणि ‘लॉस्ट रेज’चा (हरवलेल्या किरणांचा) आकडा वाढतो. चार कोपऱ्यांची मापं वेगवेगळी भरली आणि एक कोपरा एका प्रतलात बसला नाही की पृष्ठभाग वाकडा असल्याची तक्रार येते. म्हणून मिलिमीटरमधली मापं जशीच्या तशी भरायची नाहीत. पाच सेंटिमीटरला गोल करा, आणि सांधे मात्र एकाच बिंदूवर स्नॅप करून जोडा.

स्केचअपचं टेप मेजर (टी दाबलं की येतं) बहुतेक जण नुसतं अंतर बघायला वापरतात. त्याची खरी ताकद दोन गोष्टींत. कडेवरून ओढून आकडा टाइप केला की तितक्या अंतरावर गाइड रेघ पडते, बाणाची कळ दाबून अक्ष पक्का केला की ती तिरकी जात नाही. दुसरं, आर्किटेक्टचा नकाशा आत आणल्यावर एककाचा घोळ असतोच. अशा वेळी दोन टोकं मोजून खरं अंतर टाइप केलं की अख्खं मॉडेल त्या मापावर येतं. यासाठी दार निवडू नका, हॉलची सगळ्यात लांब बाजू निवडा. दाराच्या २.१३ मीटरमध्ये एक सेंटिमीटरची गफलत म्हणजे अर्धा टक्का, तीच २४ मीटरमध्ये नगण्य.

मॉडेलमध्ये श्रोत्यांचे बिंदू ठेवताना खुर्चीसाठी कानाची उंची १.२ मीटर धरतात. आमच्याकडे कीर्तनाला भारतीय बैठक असते, तिथे मी पाऊण मीटर धरतो.

मीटरचा सगळ्यात रोकडा फायदा मागच्या स्पीकरच्या डिलेत झाला, म्हणजे स्टेजवरचा आवाज तिथे पोचेपर्यंत तो स्पीकर किती उशिरा वाजवायचा त्यात. स्टेजपासून २० मीटर म्हणजे २० अंश तापमानाला ५८ मिलिसेकंद. मे महिन्यात ४० अंशांत तेच ५६ च्या आसपास, आणि थंडीत दहा अंशांवर ५९. सॉफ्टवेअरमध्ये तापमानाचा रकाना असतो, बरेच जण तो हातही न लावता सोडून देतात.

कुरकुर करण्यासारखंही आहे. दुपारच्या उन्हात लाल ठिपका दिसत नाही, त्यामुळे लॉनचं काम संध्याकाळीच. काळ्या मखमली पडद्यावर आणि आरशावर रीडिंग भरकटतं, तिथे कागद चिकटवून मोजतो. माप मीटरच्या पुढच्या कडेपासून की मागच्या, हे सेटिंग बटणाच्या एका दाबाने बदलतं आणि चिन्ह इतकं बारीक की चष्मा लागतो. मीटरची स्वतःची लांबी हातातल्या हातात हरवते. सोबतचं मोबाइल ॲप तर मी काढूनच टाकलं, मध्येच ब्लूटूथ तुटतं आणि आकडे जातात. कागदावर हाताने काढलेलं स्केच, त्यावर बॉलपेनने मापं, हेच बरं.

उताराच्या पत्र्याच्या छतासाठी मीटरमधलं पायथागोरसचं फंक्शन (तिरक्या मापांवरून उंची काढणारं) वापरू नका, छोटी चूक मोठी होऊन येते. जमिनीवर चार-पाच ठिकाणी मीटर उभं करून सरळ उंची घ्या. एखाद्या छोट्या खोलीपुरतंच काम असेल तर मीटरवर पैसे घालू नका, पाच मीटरची टेप पुरते.