रॅम वाढवू की एसएसडी टाकू?

चार-पाच वर्षं जुना लॅपटॉप रखडायला लागला की दुकानात हमखास ऐकू येतं, 'रॅम वाढवून घ्या.' रॅम म्हणजे चालू कामं तात्पुरती ठेवायची जागा, डिस्क म्हणजे फाईली कायमच्या साठवायची. खिशात हात घालण्याआधी घरीच बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरी (म्हणजेच रॅम) आणि डिस्क असे वेगळे आलेख असतात. नेहमीची कामं चालू ठेवून ते दोन्ही बघा.

घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीच्या लॅपटॉपवर रॅम 8 जीबी होती आणि निम्मीसुद्धा वापरात नव्हती. डिस्क मात्र 100 टक्क्यांना चिकटलेली. हिशोबाचं टॅली उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. तिथे आणखी रॅम घालणं म्हणजे पैसे पाण्यात. हार्ड डिस्कची तबकडी फिरते, बहुतेक लॅपटॉपमध्ये मिनिटाला 5400 फेरे, आणि प्रत्येक फाईल शोधायला तिचं टोक इकडून तिकडे सरकतं. तिच्या जागी बसणाऱ्या एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, हलणारं काहीच नसतं. साटा या जुन्या जोडणीची साधी एसएसडीसुद्धा सेकंदाला 500 एमबीच्या आसपास वाचते, हार्ड डिस्क साधारण 100. एनव्हीएमई या नव्या प्रकारची एसएसडी त्याहून कितीतरी वेगवान, पण टॅली-एक्सेलच्या कामात तो फरक फारसा जाणवत नाही.

उलट मेमरीच 85-90 टक्क्यांवर असेल तर रॅमच घ्या. इथे एक गोम आहे. रॅम भरली की विंडोज जास्तीचा माल डिस्कवर टाकतं, त्यामुळे डिस्कही कामात बुडालेली दिसते आणि दोष भलतीकडे जातो. म्हणून आधी मेमरीचा आकडा बघायचा. 4 जीबीवर विंडोज 11 चालतं खरं, पण क्रोम आणि एखादी ऑनलाइन मीटिंग एकदम उघडली की दम लागतो. 8 बऱ्याच घरांना पुरते. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याने 16 च्या खाली जाऊ नये. डीडीआर3 आणि डीडीआर4 या रॅमच्या वेगळ्या पिढ्या, एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते. तिथे विषयच संपला.

नुसती जागा संपली असेल, तर रॅमचा काही उपयोग नाही. फोटो-व्हिडिओंना बाहेरची हार्ड डिस्कच सर्वांत स्वस्त पडते. 1 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 931 जीबी दिसली म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते, विंडोज 1024 च्या.

एका एसएसडीसाठी ठाण्याहून दादरला गाडी बदलून मुंबईतला कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठावा असं मला वाटत नाही. थोडे जास्त पडले तरी जुना डेटा जसाच्या तसा नव्या डिस्कवर उतरवून देणारा जवळचा माणूस बरा. काढलेली हार्ड डिस्क मात्र मागून घ्या. तिच्यात तुमचे सगळे कागदपत्र असतात, आणि यूएसबी केसिंगमध्ये घातली की बॅकअपलाही चालते.