ईमेल की प्रत्यक्ष भेट? क्रायोनिक्सच्या विधेयकासाठी आमदारांना गाठताना

क्रायोनिक्स म्हणजे पुढे कधीतरी जिवंत करता येईल या आशेने मृतदेह अतिथंड करून जपणं. २००४ च्या अधिवेशनात ॲरिझोनाच्या विधानसभेत त्यावर नियम आणणारं एचबी २६३७ हे विधेयक आलं, तेव्हा त्याला विरोध करताना मी दोन्ही करून पाहिलं. आधी ईमेल पाठवला, मग स्वतः जाऊन भेटलो. उद्या कुठल्याही राज्यात असं विधेयक आलं आणि तुमच्या हातात जेमतेम अर्ध्या दिवसाची रजा असेल, तर ती कुठे खर्चावी, एवढ्यापुरतंच हे लिहितोय.

पार्श्वभूमी थोडक्यात. बेसबॉलपटू टेड विल्यम्स जुलै २००२ मध्ये गेले, त्यांचा देह ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलला अल्कोर या क्रायोनिक्स संस्थेकडे आला आणि मुलांमधला वाद वर्तमानपत्रांत पोचला. त्या गदारोळानंतर आमदार बॉब स्टम्प यांनी अल्कोरला अंत्यविधी करणाऱ्या आणि देहात टिकाऊ रसायन भरणाऱ्या व्यावसायिकांच्या राज्य मंडळाखाली आणायचं विधेयक मांडलं. नियमन नको असं आम्हा अल्कोरच्या सभासदांचं म्हणणं मुळीच नव्हतं. आमचा जीव अडकला होता तो देहदानाच्या कायद्यात. अल्कोर देह स्वीकारतं ते देहदान म्हणून. तो आधार डळमळला, तर मृत्यू घोषित झाल्यानंतरचा वेळ परवानग्या गोळा करण्यात जाणार, आणि नेमका तोच वेळ मेंदू वाचवण्याचा असतो. मिशिगनमध्ये त्याच जानेवारीत क्रायोनिक्स इन्स्टिट्यूट या दुसऱ्या संस्थेने दफनभूमी म्हणून परवाना घ्यायचं मान्य केलं होतं. त्यामुळे भीती काही हवेतली नव्हती.

ईमेलची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखरच भक्कम आहे. रजा लागत नाही, मुलं झोपल्यावर शांतपणे लिहिता येतं, आणि राज्याबाहेरच्या सभासदाला दुसरा मार्ग क्वचितच असतो. समितीची सुनावणी परवावर आली असेल तर हाच उपाय. फक्त तयार मसुदा जसाच्या तसा चिकटवू नका आणि घरचा पत्ता सगळ्यात वर लिहा. तुम्ही त्यांच्या मतदारसंघात राहता की नाही, हे आधी पाहिलं जातं. माझ्याकडे तेव्हा ग्रीन कार्ड होतं, मत नव्हतं. तरी पत्ता चालला.

माझं बिनसलं ते उत्तर आल्यावर. दोन रात्री बसून मी तीन पानी मजकूर लिहिला होता. सुरुवात सौम्य असावी म्हणून पहिलं वाक्य असं होतं: मृतदेहांची हाताळणी जबाबदारीने व्हावी, असं मलाही वाटतं. विरोध दुसऱ्या परिच्छेदात होता. आठवड्याने एका आमदारांच्या कार्यालयातून उत्तर आलं, विधेयकाला पाठिंबा दिल्याबद्दल आभार! म्हणजे माझी नोंद चक्क उलट्या बाजूला झाली होती. दुरुस्तीचा ईमेल लगेच टाकला, त्यालाही तेच आभाराचं पत्र आलं. ते पत्र हातात धरून मी स्वयंपाकघरात किती वेळ उभा होतो कोण जाणे. बायको म्हणाली, "अहो, अजून लिहीत काय बसताय? जाऊन या ना."

गेलो. आमदार सभागृहात होते, भेटल्या त्या त्यांच्या सहायक. फार तर दहा मिनिटं मिळाली. देहदान, मंडळ, परवाना हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. मग मी मनगटावरची पट्टी काढून टेबलावर ठेवली. सभासद ती कायम घालतात. तिच्यावर कोरलेलं असतं: हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) द्या, बर्फाने थंड करत छातीवर दाब देत राहा, देहात टिकाऊ रसायन भरू नका, शवविच्छेदन करू नका. त्यांनी ती उजेडाकडे धरून दोनदा वाचली आणि विचारलं, "म्हणजे रसायन भरणाऱ्यांचं मंडळ रसायन न भरणाऱ्या संस्थेवर नियम करणार?" तीन पानांत मला जे मांडता आलं नव्हतं, ते त्यांनी एका प्रश्नात मांडलं.

हा एका कार्यालयाचा, एका सकाळचा अनुभव आहे. सहायक तुसड्या असत्या तर कदाचित मी वेगळं लिहिलं असतं. विधेयक पुढे मागे घेतलं गेलं, पण ते माझ्या भेटीमुळे असं मी म्हणणार नाही. अनेकांनी खटपट केली होती, सुनावणीत जाऊन बोलणारेही होते. भेटीचे तोटेही आहेत. अधिवेशन जानेवारीत सुरू होतं आणि साधारण शंभर दिवसांत उरकतं, त्यामुळे वेळ मिळणं कठीण. बोलायची सवय नसेल तर घसा कोरडा पडतो, माझा पडला होता.

तरीही माझ्या मते शक्य असेल तर जावं. भेटीत समोरच्याचा गैरसमज झाला तर तो तिथेच दिसतो आणि तिथेच दुरुस्त करता येतो. जाताना एकच पान न्या, "माझा विरोध आहे" हे पहिल्या ओळीत लिहा, पट्टी मनगटावर असू द्या. निघण्यापूर्वी त्यांनी तुमच्या नावापुढे काय लिहिलंय, ते वाचून दाखवायला सांगा. मी सांगितलं होतं. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला, आणि "विरोध" या शब्दाखाली स्वतःच एक रेघ ओढली.