हौशी धावपटूचे घड्याळ : अडीच वर्षांच्या वापरानंतर

धावण्याच्या घड्याळांची परीक्षणे बहुधा ते हाती आल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत लिहिली जातात, आणि नेमक्या त्या पंधरा दिवसांत उत्साह टिकवण्यासाठी कशाचीच गरज नसते. नव्या वस्तूचे अप्रूप माणसाला पहाटे घराबाहेर काढायला पुरेसे असते. म्हणून मी हे परीक्षण अडीच वर्षे थांबून लिहीत आहे. या काळात हे घड्याळ मनगटावर बांधून मी दोन मॅरेथॉन पूर्ण केल्या, एक दुखापत सोसली आणि धावणे सोडून द्यावे असे वाटण्याचे दिवसही पाहिले. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण येथे ज्या गुणदोषांची चर्चा करायची आहे ते या वर्गातल्या बहुतेक घड्याळांत कमीअधिक प्रमाणात आढळतात. उपग्रहांवरून अंतर मोजणारे, मनगटावरून हृदयाचे ठोके घेणारे आणि या दोहोंच्या आधारे सल्ले देणारे मधल्या श्रेणीचे घड्याळ, एवढी ओळख पुरे. पदकाची शक्यता नसलेल्या, नोकरी आणि घर सांभाळून आठवड्यातून चार दिवस धावणाऱ्या माणसाची उमेद हे यंत्र महिनोन्महिने टिकवू शकते का, एवढेच मला पाहायचे आहे.

सामान्य धावणाऱ्याच्या हाती हे मोजमाप येऊन फार काळ झालेला नाही. फिनलंडच्या पोलार कंपनीने अंगावर बाळगता येणारा बिनतारी हृदयगती मापक १९८२ साली आणला. नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेली चूक अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली, आणि २००३ मध्ये गार्मिन कंपनीची धावपटूंसाठीची पहिली फोररनर घड्याळे आली. त्याआधीचा हौशी धावपटू मैदानाच्या फेऱ्या मोजत असे किंवा सायकलच्या मीटरवरून रस्त्याचे अंतर ठरवत असे, आणि आपली प्रगती होते आहे की नाही हे त्याला मुख्यतः स्पर्धेच्या दिवशीच कळे. दोन स्पर्धांमधल्या सहा-आठ महिन्यांत काही बदलते आहे याचा पुरावा हाती नसणे, हे धावणे सुटण्याचे फार मोठे कारण आहे असे मला वाटते, आणि या घड्याळाची खरी उपयुक्तता मला तिथेच आढळली.

ती उपयुक्तता हृदयगतीच्या नोंदीत आहे. सुरुवातीची दोन वर्षे, म्हणजे घड्याळ घेण्यापूर्वी, मी प्रत्येक दिवशी धाप लागेपर्यंत धावत असे आणि न दमता परतलो तर दिवस वाया गेला असे समजत असे. सहनशक्ती वाढवण्यासाठी आठवड्यातले बहुतेक धावणे गप्पा मारता येतील इतक्या संथ पेसने (पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ) करावे लागते, हे ऐकून माहीत होते, पण संथ म्हणजे किती संथ याचा अंदाज नव्हता. घड्याळाने तो दिला. पहिल्याच आठवड्यात कळले की मी ज्याला आरामाचे धावणे म्हणत होतो त्यात माझे हृदय मिनिटाला १६५ वेळा धडधडत होते. १४० ठोक्यांच्या आत राहायचे ठरवल्यावर चढावर अक्षरशः चालावे लागले, मागून येणारे सगळे पुढे निघून गेले, आणि तरीही दुसऱ्या दिवशी पाय ताजे आहेत हा अनुभव मला प्रथमच आला. थकव्याची भीती गेल्यामुळे पहाटे उठण्याची टाळाटाळ जितकी कमी झाली, तितकी कोणत्याही प्रेरक वचनाने झाली नव्हती.

मात्र हा लाभ पूर्णपणे मिळण्यापूर्वी घड्याळाची एक मोठी चूक सुधारावी लागली. ते खरेदीनंतर वय विचारते आणि २२० मधून वय वजा करून कमाल हृदयगती ठरवते. हे सूत्र सरासरीचे आहे. एकेका माणसात त्याच्यापेक्षा दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. मी तेव्हा ४४ वर्षांचा होतो, त्यामुळे घड्याळाने १७६ धरले. चढावर जीव तोडून केलेल्या धावांत आणि एका दहा किलोमीटरच्या शर्यतीच्या शेवटी प्रत्यक्ष आकडा १८८ निघाला. त्या फरकामुळे कमाल आकड्यावरून ठरणारे सोप्या-कठीण धावण्याचे सगळेच टप्पे खाली सरकले होते आणि माझे सोपे धावणेही घड्याळाला कठीण दिसत होते. नवख्या धावपटूला यंत्राने रोज "तुम्ही फार जोर लावता आहात" असे सांगितले, तर काही आठवड्यांत त्याला आपण या खेळासाठी लायकच नाही असे वाटू लागेल. प्रत्यक्ष मोजलेला आकडा हाताने भरण्याची सोय आहे, पण ती इतकी खोल दडवलेली आहे की मला ती चौथ्या महिन्यात सापडली.

मनगटावरचे मोजमापही नेहमी विश्वसनीय नसते. त्वचेत हिरवा प्रकाश सोडून, प्रत्येक ठोक्यागणिक बदलणाऱ्या रक्ताच्या प्रमाणावरून ते ठोके मोजते. पट्टा सैल असला किंवा हात गार पडलेले असले की ते पावलांचा ताल हाच हृदयाचा ताल समजते आणि निवांत धावतानाही १७५ दाखवते. पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर आणि घट्ट बांधावा, आणि वेगाच्या सरावासाठी हृदयाचे विद्युत संकेत टिपणारा छातीचा पट्टा वापरावा.

आता ज्या एका वापरासाठी मी हे घड्याळ पुन्हा घेईन, त्याविषयी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी एकाच ठरावीक आठ किलोमीटरच्या मार्गावर, एकाच वेळी, १४० ठोके राखून धावतो. पेस कितीही पडो, ठोके वाढू द्यायचे नाहीत. पहिल्या महिन्यात किलोमीटरला ७ मिनिटे ५० सेकंद लागली. दुसऱ्या महिन्यात ७:४८, तिसऱ्यात ७:५१. या तीन महिन्यांत काहीच घडत नाही असे वाटून मी दोनदा सराव थांबवण्याच्या विचाराला आलो होतो. सहाव्या महिन्यात ७:१२ आले, आणि आज अडीच वर्षांनी ६:३५ येतात. तितक्याच श्रमात किलोमीटरमागे सव्वा मिनिट वाचते आहे. या सुधारणेत जिद्दीचा वाटा शोधता येत नाही, कारण जिद्द लावायला त्यात वावच ठेवलेला नाही. शरीर आतून बदलले आहे एवढाच त्याचा अर्थ होतो. शर्यतीतली विक्रमी वेळ हवामान, गर्दी आणि त्या दिवशीची मनःस्थिती यांवर अवलंबून असते. या संथ धावण्याच्या नोंदीने मला त्याहून अधिक आधार दिला. खेदाची गोष्ट अशी, की घड्याळ स्वतःहून ही तुलना दाखवत नाही. ती मला वहीत मांडावी लागते.

स्वतःहून ते जे दाखवते, त्यातले बरेचसे उमेदीला मारक आहे. व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, हा आकडा ते पेस आणि ठोके यांच्या संबंधावरून अंदाजाने काढते. उन्हाळ्यात शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावे लागते, घामाने पाणी कमी होते, आणि त्याच पेसला हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. घड्याळ याचा हिशेब अपुरा ठेवते. पहिल्या उन्हाळ्यात माझा आकडा ४३ वरून ३९ वर उतरला आणि रोज धावणे संपताच "अनुत्पादक" असा शेरा उमटू लागला. त्या दोन महिन्यांत मी खरे तर आतापर्यंतचा सर्वांत नियमित सराव केला होता. थंडी आल्यावर आकडा आपोआप वर गेला, पण तोपर्यंत कित्येक सकाळी तो शेरा वाचून मी खिन्न मनाने घरी आलो होतो. मॅरेथॉनपूर्वीच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांतही असेच घडते. त्या काळात अंतर मुद्दाम कमी करून पायांना विश्रांती द्यायची असते, आणि मन आधीच शंकांनी पोखरलेले असते. अशा वेळी माझ्या घड्याळाने मला माझी क्षमता घटत असल्याचे कळवले. शेवटच्या दिवसांत त्यावर विश्वास ठेवून जो जास्त पळेल, तो दमलेल्या पायांनी सुरुवातीच्या रेषेवर उभा राहील.

सर्वांत गंभीर तक्रार मात्र रोजच्या मालिकेबद्दल, म्हणजे स्ट्रीकबद्दल आहे. सलग किती दिवस हालचालीचे उद्दिष्ट गाठले याचा आकडा घड्याळ ठळकपणे दाखवते, आणि पहिल्या महिन्यांत त्याने मला खरोखर घराबाहेर काढले, हे मान्य केले पाहिजे. पण १२०व्या दिवसाच्या आसपास नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागले. मी थांबलो नाही, कारण आकडा मोडायचा नव्हता. १२७व्या दिवशी रात्री साडेदहा वाजता, लंगडत, केवळ उद्दिष्टापुरते दोन किलोमीटर धावून आलो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. डॉक्टरांनी सहा आठवडे धावणे बंद केले. दहा दिवस विश्रांती घेतली असती तर कमावलेल्या क्षमतेतले जवळपास काहीच गेले नसते. मालिका वाचवण्याच्या नादात मी दीड महिना घालवला. ब्रिटिश धावपटू रॉन हिल यांनी डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत, बावन्न वर्षांहून अधिक काळ, रोज किमान एक मैल धावण्याचा नेम पाळला, आणि त्या नेमाविषयी मला आदरच आहे. परंतु तो नेम १९७० साली बोस्टन मॅरेथॉन जिंकलेल्या, स्वतःचे शरीर ओळखणाऱ्या माणसाने स्वतः घेतलेला होता, आणि हृदयात त्रास जाणवल्यावर तो त्याने स्वतःच थांबवला. चाळिशीत धावायला लागलेल्या माणसावर यंत्राने लादलेली मालिका ही वेगळी गोष्ट आहे. आजारपणात किंवा दुखापतीत विश्रांती नोंदवून मालिका गोठवण्याची सोय माझ्या घड्याळात नाही, आणि हा दोष मी अक्षम्य मानतो.

उमेदीचा दुसरा कसोटीचा काळ पहिल्या मॅरेथॉननंतर आला. सोळा आठवडे घड्याळ रोज सकाळी काय करायचे ते सांगत होते. शर्यत संपली आणि दुसऱ्या दिवशी वेळापत्रकाचा पडदा कोरा दिसला. ४२.१९५ किलोमीटर धावून आलेल्या माणसाला एवढे रिकामे का वाटावे, हे मला तेव्हा समजले नाही. पुढे इतर धावपटूंशी बोलताना कळले की हे अनेकांना होते. चार दिवसांनी घड्याळाने वेगाचा सराव सुचवला, जो करण्याची ताकद पायांत नव्हती आणि इच्छा मनात नव्हती. पुढच्या दोन महिन्यांत मी जेमतेम नऊ वेळा धावलो. परत आणले ते एका सहधावकाने, जो दर रविवारी ठरलेल्या वळणावर पावणेसहाला उभा राहू लागला. तो तिथे उभा असेल या जाणिवेने मी उठत गेलो. घड्याळाची मदत झाली ती जुन्या नोंदींमुळे. एका संध्याकाळी मी सर्वांत पहिली नोंद उघडली, आणि त्यात तीन किलोमीटरमध्ये पाच वेळा थांबून चाललेला माणूस दिसला. त्या रात्री मी पुन्हा पहाटेचा गजर लावला.

शर्यतीच्या दिवसासाठी एक व्यावहारिक सूचना करणे आवश्यक आहे, कारण तिच्या अभावी माझा पहिला अनुभव कडवट झाला. मॅरेथॉनचा मार्ग शक्य तितक्या आखूड रेषेने मोजतात आणि तो कमी भरू नये म्हणून त्यात हजारात एक या प्रमाणात, म्हणजे सुमारे ४२ मीटर, जादा धरतात. प्रत्यक्षात धावणारा वळणे लांबून घेतो, गर्दीतून तिरका जातो, आणि उंच इमारतींमध्ये उपग्रहांचे संकेत विचलित होतात. माझ्या घड्याळाने ४२.७८ किलोमीटर दाखवले. साडेचार तासांसाठी लागणारा पेस घड्याळावर पाहून मी निश्चिंत धावत होतो आणि पावणेचार मिनिटे उशिरा पोहोचलो. दुसऱ्या वेळी आपोआप पडणारे लॅप, म्हणजे दर किलोमीटरच्या वेळेच्या नोंदी, बंद करून प्रत्येक किलोमीटरच्या फलकापाशी हाताने बटण दाबले, आणि शेवटपर्यंत हिशेब चुकला नाही.

आज माझ्या घड्याळावर मालिका, बिल्ले, क्षमतेचा आकडा आणि सरावावरचे शेरे हे सगळे बंद आहे. इतरांच्या धावा दाखवणारे सामायिक पानही मी काढून टाकले आहे; माझ्या संथ दिवशी दुसऱ्याचा वेगवान दिवस पाहण्याने माझे कधी भले झाले नाही. सोप्या दिवशी पडद्यावर फक्त ठोके असतात, लाँग रनला, म्हणजे लांब अंतराच्या धावेला, ठोके आणि अंतर. या रूपात मी हे घड्याळ, किमान सहा महिने नियमित धावलेल्या आणि आपण सुधारतो आहोत का अशी शंका पडू लागलेल्या प्रत्येकाला निःशंक सुचवीन. अगदी नव्या माणसाने मात्र आधी साध्या घड्याळावर वेळ पाहून धावावे आणि बोलता येईल इतकाच पेस ठेवावा. दुखणे अंगावर काढण्याचा ज्यांचा स्वभाव आहे, त्यांनी पहिल्याच दिवशी मालिका बंद करावी.

घेताना बटणांचे घ्यावे. घामेजलेल्या बोटांना स्पर्शाचा पडदा दाद देत नाही आणि पावसात तो स्वतःहूनच नोंद थांबवतो. बॅटरी सुरुवातीला उपग्रह चालू ठेवून वीस तास चालत असे, आता चौदा तास चालते, आणि माझ्या मॅरेथॉनला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी लागते. पट्टा दोनदा बदलावा लागला. येत्या रविवारी महिन्याची आठ किलोमीटरची धाव आहे, आणि वहीतला तिसावा रकाना अजून रिकामा आहे.