सोमवारची अभिलेख पाहणी : नगरपरिषदेच्या एका सेवेचे परीक्षण

आमच्या नगरपरिषदेच्या नगररचना विभागात दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना बांधकाम परवानग्यांच्या नस्त्या, म्हणजे फायली, पाहू दिल्या जातात. जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्यासाठी राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढलेल्या शासन निर्णयामुळे ही सोय झाली असून त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागत नाही. आमच्या गल्लीत उभ्या राहणाऱ्या एका इमारतीच्या परवानगीसंबंधी मी या सेवेचा उपयोग केला. ती अतिशय मोलाची आहे, परंतु ज्याला कोणती नस्ती हवी हे आधीच ठाऊक आहे त्याच्यापुरतीच ती आज खुली आहे, असे माझे स्पष्ट मत झाले.

आधी चांगले सांगतो. अर्ज करून प्रती मागवल्या की आपण मागितले तेवढेच कागद मिळतात, आणि मागण्यासाठी तो कागद अस्तित्वात आहे हे माहीत असावे लागते. नस्ती स्वतः चाळताना ही अडचण उरत नाही. एका बाजूला पत्रव्यवहार, म्हणजे अर्ज, मालकीची कागदपत्रे, मोजणी नकाशा, शुल्काची चलने. आणि दुसऱ्या बाजूला टिपणी, जिथे प्रत्येक अधिकाऱ्याने काय पाहिले आणि कशाच्या आधारे पुढे पाठवले ते त्याच्या सहीनिशी नोंदलेले असते. मी पाहिलेल्या नस्तीत कनिष्ठ अभियंत्याने स्थळपाहणीच्या टिपणीत समोरचा रस्ता साडेसात मीटर असल्याचे लिहिले होते. मंजूर नकाशात तोच रस्ता नऊ मीटर दाखवला होता, आणि या दोन कागदांच्या मध्ये खुलाशाची एक ओळही नव्हती. किती चटईक्षेत्र (सर्व मजले मिळून होणारे बांधकाम) अनुज्ञेय आहे आणि इमारत किती उंच नेता येईल हे रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असल्याने ही विसंगती किरकोळ नाही. नुसती बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत मागवली असती, तर ही विसंगती माझ्या नजरेस कधीच आली नसती.

कर्मचाऱ्यांची वागणूक सौजन्याची होती. नोंदवहीत नाव लिहून घेतल्यावर बसायला टेबल दिले, टिपणे काढण्यास कोणी हरकत घेतली नाही, आणि नस्ती कशासाठी पाहायची आहे असेही विचारले नाही. याचे श्रेय त्या लिपिकांना मोकळेपणाने दिले पाहिजे.

खरी उणीव अभिलेखांच्या स्थितीत आहे. नस्तीतील पृष्ठांकन पेन्सिलीने केलेले होते आणि अर्ध्यावर थांबले होते. पानांना क्रमांक नसतील तर मधला कागद गहाळ झाला की मुळात लावलाच नव्हता, हे कोणालाही सांगता येत नाही. नागरिकाला नाही आणि उद्या चौकशीला येणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यालाही नाही. त्याहून गंभीर बाब सूचीची आहे. प्रकरण क्रमांक आणि वर्ष सांगितले तरच नस्ती काढून मिळते, आणि हा क्रमांक शोधण्यासाठी कोणतीही यादी नागरिकांपुढे ठेवलेली नाही. मला तो इमारतीच्या जागेवरील फलकावरून मिळाला. ज्या कामावर फलकच नाही, त्या कामाची नस्ती शेजाऱ्याने कशी मागायची?

वास्तविक अशी यादी देणे हा कार्यालयाच्या मर्जीचा प्रश्न नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(क) प्रमाणे अभिलेखांची सूची ठेवणे बंधनकारक आहे, आणि कलम ४(१)(ख) मधील सतरा बाबींपैकी तेरावी बाब सवलती, परवाने व प्राधिकारपत्रे कोणाला दिली याचा तपशील कोणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करण्याची आहे. आमच्या नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर या तेराव्या बाबीसमोर ‘निरंक’, म्हणजे ‘काहीही नाही’, असा शब्द आहे. ज्या विभागातून परवानग्या नियमितपणे दिल्या जातात, तिथे हा शब्द पाहून मला मनापासून वाईट वाटले. परवानगीचा क्रमांक, दिनांक, सर्व्हे क्रमांक आणि प्रभाग एवढे चार रकाने दर महिन्याला प्रसिद्ध केले, तरी सोमवारचे ते दोन तास प्रत्येकाला उपयोगी पडतील.

तोवर जाणाऱ्यांनी प्रकरण क्रमांक व सर्व्हे क्रमांक मिळवूनच जावे आणि सुरुवात टिपणीपासून करावी. हव्या असलेल्या प्रत्येक कागदाचे शीर्षक, दिनांक आणि असल्यास पृष्ठ क्रमांक लिहून घ्यावा. अपिलासाठी किंवा न्यायालयासाठी साक्षांकित प्रती लागतातच. त्यासाठी १० रुपये शुल्क भरून रीतसर माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो, प्रत्येक पानाला २ रुपये पडतात, आणि माहिती देण्यासाठी कार्यालयाला ३० दिवसांची मुदत असते. कागद इतक्या नेमकेपणाने नोंदवलेला असला, की ‘मागणी मोघम आहे’ असे उत्तर देण्यास जन माहिती अधिकाऱ्याला जागा राहत नाही.