क्लेम नाकारल्यावर ‘मदतीला’ येणाऱ्यांपासून सावध राहा : माझे 88,200 रुपये असे गेले

आधी 5,900. मग 23,600. मग 58,700. एकूण 88,200 रुपये. रुपयापर्यंत आकडे लिहितोय, कारण नातेवाइकांत “थोडेफार गेले” म्हणून मी बरेच महिने वेळ मारून नेली, आणि आपली ही लाजच या लोकांच्या पथ्यावर पडते. नोकरीभर लेखा विभागात होतो. दुसऱ्यांच्या व्हाउचरवर लाल शाईने शेरे मारले. तरी फसलो. ज्यांना हसायचं आहे त्यांनी हसून घ्यावं आणि मग पुढचं वाचावं.

नागपूरकरांना 23 सप्टेंबर 2023 ची पहाट सांगायला नको. चारेक तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदी लोकांच्या बेडरूममध्ये शिरली. आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन दिवाण, सगळं वायरिंग, खालच्या खोल्यांचं प्लास्टर, सगळं गेलं. गृहकर्ज घेताना बँकेने गळ्यात मारलेली ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी होती, म्हणून त्या चिखलातही मी निवांत होतो. पूर त्यात स्पष्ट लिहून कव्हर केलेला आहे. 6,38,500 रुपयांचा क्लेम टाकला.

कंपनीचे सर्व्हेअर, म्हणजे नुकसान पाहून अहवाल देणारे, आले. भिंतीला अंगठा लावून पाहिलं, फोटो काढले, चहा घेतला, गेले. जानेवारी 2024 मध्ये पत्र आलं : नुकसान जुनी ओल व नैसर्गिक झिजेमुळे झालेलं आहे, शिवाय सूचना विलंबाने दिली, सबब दावा अमान्य. म्हणजे तलाठ्याने पंचनामा केला, शासनाने पूरग्रस्त म्हणून 10,000 रुपये खात्यात टाकले, सगळ्या गावाला पूर दिसला, आणि कंपनीला दिसली ओल! विलंब का झाला? वीज नव्हती, फोन पाण्यात बुडाला होता, पॉलिसीचे कागद पंख्याखाली वाळत होते. आणि केवळ उशिरा कळवलं म्हणून खरा दावा नाकारू नका, असं विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, 20 सप्टेंबर 2011 च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 2017 मध्ये तेच म्हटलंय. हे मला नंतर कळलं. तुम्हाला आत्ता कळतंय, तर कुठेतरी लिहून ठेवा.

इथपर्यंत मी सगळं नियमाने केलं होतं, हे कृपया लक्षात घ्या. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज दिला. मार्चमध्ये तोही फेटाळला गेला. त्या पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात होतं की समाधान न झाल्यास एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येईल. मी त्या ओळीखाली पेनने रेघसुद्धा मारली होती.

आणि एप्रिलमध्ये फोन आला.

“नमस्कार काकाजी, तुमची क्लेमची फाइल रिजेक्टमध्ये पडून राहिली नं? आपण ओपन करून देतो.” त्याला माझा पॉलिसी नंबर माहीत होता, क्लेम नंबर माहीत होता, 6,38,500 हा आकडा माहीत होता, सर्व्हे कोणत्या महिन्यात झाला तेही. आता सांगा, एवढी माहिती असलेला माणूस आतला वाटणार की नाही? ही माहिती बाहेर गेली कुठून, हे मी कंपनीला दोनदा लेखी विचारलंय. उत्तर नाही. मला मूर्ख म्हणणाऱ्यांनी आधी या प्रश्नाचं उत्तर द्यावं.

आपलं केंद्र क्लेम मिळवून देतं, म्हणाला. केंद्राच्या नावात ‘राष्ट्रीय’ होतं आणि ‘विमा’ही. फाइल चार्ज 5,000 अधिक जीएसटी 18 टक्के, म्हणजे 5,900. पावती आली. जीएसटी लावलेली पावती पाहिली की माझ्यासारख्या माणसाचा अर्धा संशय तिथेच मरतो. ऑगस्टमध्ये ‘लोकपाल दाखल शुल्क व वकील फी’ म्हणून 20,000 अधिक जीएसटी, म्हणजे 23,600.

लोकपालांकडे शुल्क नसतं. एक रुपयाही नाही. आणि वकील तर चालतच नाही. तक्रार स्वतः करायची, किंवा वारस, नॉमिनी, असाइनी (ज्याच्या नावे पॉलिसी करून दिली तो) यांनी. कोणी ‘लोकपालांकडे तुमच्या वतीने उभा राहतो’ म्हणाला की फोन ठेवा. नागपूरची तक्रार पुण्याच्या लोकपाल कार्यालयात जाते. ती ऑनलाइन करता येते, सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते. 50 लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. सगळे कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा द्यायचा असतो आणि तो कंपनीला बंधनकारक असतो. एवढी साधी गोष्ट आणि मी त्यासाठी 23,600 मोजले!

आता तो क्षण. हा मी अजूनही विसरू शकत नाही.

23,600 साठी त्याने क्यूआर कोड पाठवला होता. स्कॅन केला, रक्कम टाकली, आणि पैसे कोणाला जाणार ते नाव स्क्रीनवर आलं. नाव कुठल्या तरी ‘मोबाइल अँड रिचार्ज सेंटर’चं. बायको शेजारी वाल निवडत बसली होती. तिने मान वाकडी करून वाचलं आणि म्हणाली, “अहो, हे रिचार्जवाल्याचं कसं? लोकपालाचं दुकान आहे काय मोबाइलचं?” मी तिलाच गप्प केलं. म्हटलं, यांचे कलेक्शन पार्टनर असतात, तुला त्यातलं कळत नाही. मग पिन टाकला. टिक आली. ती पुढे काही बोलली नाही, आजतागायत बोललेली नाही, आणि तेच जास्त लागतं.

दुसरी खूण पावतीवरच होती. पत्ता पुण्याचा आणि जीएसटी क्रमांक 07 ने सुरू होणारा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्र 27, दिल्ली 07. हे मला पाठ आहे, नोकरीत हेच केलं. सहावं अक्षर ‘पी’ होतं, म्हणजे नोंदणी एका व्यक्तीच्या पॅनवर. कंपनी असती तर तिथे ‘सी’ आलं असतं. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की मालक दिसतो, फुकट. कोणाही कन्सल्टंटला पैसे देण्याआधी हे करा. मी केलं, पण पैसे गेल्यावर.

जानेवारी 2025 मध्ये ‘निवाडा’ आला. अशोकस्तंभ, गोल शिक्का, निळ्या शाईची सही, मंजूर रक्कम 5,87,000. फक्त 10 टक्के टीडीएस आधी भरायचा, की रक्कम ‘रिलीज’ होते. 58,700. टीडीएस म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, तो रक्कम देणारा कापून घेतो, रक्कम घेणाऱ्याकडून आगाऊ मागत नाही. पहिल्या वर्षाच्या क्लार्कला हे कळतं. पण सव्वा वर्ष खालचा मजला उघडा पडलेला, ठेकेदार दारात, आणि समोर छापील 5,87,000. त्या वेळी माणूस नियम आठवत नाही, रक्कम बघतो.

एप्रिलमध्ये त्याचा नंबर बंद झाला. मी मार्च 2024 चं पत्र काढलं, रेघ मारलेलं. वर्ष उलटून गेलं होतं. मध्ये मी कैकदा विचारलं होतं की मुदत जात नाही ना, आणि दर वेळी उत्तर, “काकाजी, फाइल लागलेली आहे, मुदत आपल्याला लागू नाही.” लोकपालांकडे काहीच गेलं नव्हतं. 88,200 पेक्षा हे मोठं नुकसान आहे. पैसे चोरणारे खूप आहेत. यांनी माझी तारीख चोरली.

मग सुरू झाली सरकारी वारी. आमच्या पोलीस ठाण्यात म्हणाले, हा सायबरचा विषय. सायबरवाले म्हणाले, रक्कम किती? अठ्ठ्याऐंशी हजार? इथे कोटीवाले रांगेत बसले आहेत. शिवाय “तुम्ही स्वतःच पाठवले नं?” बँकेनेही तेच ऐकवलं : व्यवहार तुमच्या पिनने झाला, आमची जबाबदारी नाही. ज्या बँकेने ही पॉलिसी विकून कमिशन खाल्लं, तीच बँक! मॅनेजरसाहेबांनी वर मला सायबर जागृतीचं माहितीपत्रक दिलं. एका हेल्पलाइनवर सांगितलं की विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार टाका. टाकली. ती फिरून त्याच कंपनीकडे गेली आणि तेच ओलीचं पत्र नव्या तारखेने आलं. पोर्टलचं कामच तेवढं आहे, हे कोणी आधी सांगत नाही. ‘बिमा भरोसा’वर तक्रार जरूर टाका, नोंद राहते, कंपनीला उत्तर द्यावं लागतं. पण तिथे निवाडा होत नाही, त्याच्या आशेवर महिने घालवू नका. ठाण्यात गुन्हा नोंदवून घ्यायला मला माजी नगरसेवकाची चिठ्ठी लागली. हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा) म्हणा, तो शब्द त्यांना कळतो. आणि पैसे गेल्याचं लक्षात येताच पहिला फोन 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. मी तीन महिन्यांनी केला, तोवर त्या रिचार्जवाल्याच्या खात्यात 212 रुपये होते.

आता मी जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. तिथे दोन वर्षांची मुदत असते, ती माझी संपायची होती. लोकपालांना उशीर माफ करण्याचा अधिकार आहे, पण ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, त्या भरवशावर हीही मुदत घालवू नका. दोन्हीकडे एकाच वेळी चालत नाही, हेही ध्यानात ठेवा. आयोगातली फी तुम्ही भरलेल्या प्रीमियमवर ठरते, दाव्यावर नाही, आणि 5 लाखांपर्यंत ती शून्य आहे. ग्राहक आयोगांच्या ‘ई-जागृती’ पोर्टलवर प्रकरण घरबसल्या दाखल होतं, वकील सक्तीचा नाही.

कागद काय लागले ते सांगतो. पंचनाम्याची प्रत तहसीलमधून (देत नसतील तर माहिती अधिकार लावा, मला लावावा लागला). 10,000 जमा झाल्याची पासबुकातली नोंद. शेजाऱ्यांच्या घरांचे त्याच दिवशीचे फोटो. सर्व्हेअरचा अहवाल, जो मी पहिल्याच दिवशी लेखी मागायला हवा होता. माझ्या अहवालात दिवाणखान्याची ओल ‘जुनी’ लिहिली आहे आणि त्यालाच जोडलेल्या फोटोत भिंतीवर गढूळ पाण्याची सरळ आडवी रेघ दिसते. जुनी ओल फूटपट्टीने आखल्यासारखी चढत नाही. नाकारल्याचं पत्र सांभाळा, पाकिटासकट. त्यात जी कारणं लिहिली आहेत त्यांच्या बाहेरचं नवं कारण कंपनीला नंतर काढता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. भारत गृह रक्षामध्ये घराच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, सामान आपोआप धरलेलं असतं, यादी दिलेली नसली तरी. माझ्या बँकेतल्या पोराला हे माहीत नव्हतं.

आणखी एक. सायबरवाल्या साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे त्याच रिचार्जवाल्या खात्यावर आणखी तक्रारी आल्या तर तपास वरच्या पातळीवर जाईल. नागपुरात पूरग्रस्त बरेच होते, क्लेम नाकारलेलेही असणार, आणि 07 वाली पावती मला एकट्यालाच आली असेल हे मला पटत नाही. रक्कम 5,900 असली, चारचौघांत सांगायची लाज वाटत असली, तरी 1930 वर नोंद करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.