गूगलचे ‘एआय ओव्हरव्ह्यू’: उत्तर ठाम, आधार डळमळीत

गूगल शोधाच्या निकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने (एआय) लिहिलेले आयते उत्तर दाखवणाऱ्या, मे २०२४ मध्ये अमेरिकेत सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘एआय ओव्हरव्ह्यू’ या सेवेने पिझ्झ्यावरील चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये १/८ कप बिनविषारी गोंद (लाडवातला डिंक नव्हे, कागद चिकटवण्याचा) मिसळण्याचा सल्ला दिला; त्याचे मूळ रेडिट या चर्चा-संकेतस्थळावरील ११ वर्षांपूर्वीच्या थट्टेत निघाले. रोज एक लहान दगड खाण्याची सूचना ‘द अनियन’ या उपहासपत्रातून आली होती. चुका पुढे दुरुस्त झाल्या. तरीही थट्टा आणि माहिती एकाच गंभीर स्वरात, शोधाच्या अगदी माथ्यावर मांडली गेली, की मूळ दुवा उघडून पाहण्याची तसदी कोण घेणार, हा माझा मुख्य आक्षेप आहे. किरकोळ चौकशीसाठी सेवा सोयीची आहे. औषधाच्या मात्रेसाठी मात्र मी गूगल शोधात मे २०२४ मध्येच आलेला, केवळ दुवे दाखवणारा ‘वेब’ हा पर्यायच निवडतो.